पिकअपचा इंजेक्टर : भरवसा खोक्यावर की मोजमापावर?

करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठी कंदर, चिखलठाण, वांगी या पट्ट्यात केळीची काढणी सुरू झाली, की शेत ते पॅकहाउस अशी पिकअपची ये-जा दिवसभर चालू राहते. इथली केळी आखाती देशांपर्यंत जाते. बागेत घड उतरला, की पुढचं सगळं घड्याळाच्या काट्यावर चालतं: धुणं, प्रतवारी, खोकी भरणं, शीतगृह, वातानुकूलित कंटेनर, बंदर. एवढ्या लांबलचक साखळीत शेतातून माल उचलण्याचं काम चार सिलिंडरच्या एका डिझेल गाडीवर असतं. ती गाडी सकाळी पकडली नाही, तर नुकसान गॅरेजच्या बिलापुरतं राहत नाही.

तक्रारी ठरलेल्या असतात. सेल्फ जास्त मारावा लागतो, चढाला गाडी दम टाकते, मिसिंग करते, काळा धूर सोडते, ॲव्हरेज पडलं. मेस्त्री बॉनेट उघडतो आणि बहुतेक वेळा म्हणतो, ‘नोझल गेलंय.’ इथून मालकाची खरी अडचण सुरू होते. कंपनीच्या शोरूममधून इंजेक्टर घ्यायचा, तर चारांचा खर्च गाडीच्या हप्त्यापेक्षा जड जातो. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअरच्या बाजारातून मागवायचा, तर ‘ओरिजिनल’ म्हणून जे येईल त्याची खात्री कोण देणार? डिझेल लॅबमध्ये जुनाच दुरुस्त करायचा, की दुसऱ्या गाडीचा काढलेला बसवायचा? बाहेरचा माल टिकतो का, हा प्रश्न गॅरेजमध्ये रोज विचारला जातो आणि त्याची उत्तरं बहुधा कुणाच्या तरी अनुभवावरून दिली जातात. एकाचा स्वस्तातला माल लाखभर किलोमीटर चालतो, दुसऱ्याचा महागातला सहा महिन्यांत जातो. या गोंधळामागे कारण आहे, आणि ते इंजेक्टरच्या पोटात आहे.

हाताने दुरुस्त होणारं नोझल आणि संगणकाचा इंजेक्टर

जुन्या डिझेल गाडीतलं नोझल साधं होतं. बॉश कंपनीने १९२७मध्ये डिझेल पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि पुढची सत्तर वर्षं जगभर जवळपास तीच पद्धत चालली. पंप मोजून डिझेल ढकलायचा, दाब ठरावीक पातळीला पोहोचला की नोझलमधली सुई स्प्रिंगविरुद्ध उचलली जायची आणि फवारा उडायचा. हा दाब साधारण दोनशे बारच्या घरात. तालुक्याच्या गावातला मेस्त्रीही हाताच्या टेस्टरवर नोझल लावून फवारा बघायचा, शिम घालून दाब जुळवायचा आणि गाडी मार्गी लावायचा. कुठला सिलिंडर काम करत नाही हे शोधायला चालू इंजिनवर एकेका नोझलचा पाइप सैल करून बघणं, ही तर तेव्हाची रोजची रीत.

मग कॉमन रेल आलं. फियाटच्या संशोधकांनी इटलीत विकसित केलेलं हे तंत्र १९९४मध्ये बॉशने विकत घेतलं आणि १९९७मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीतून ते रस्त्यावर उतरलं. त्याआधी १९९५मध्ये जपानच्या डेन्सोने हिनो ट्रकमध्ये स्वतःची कॉमन रेल प्रणाली बसवली होती. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसं हे तंत्र आपल्याकडच्या साध्या मालवाहू गाड्यांतही आलं.

यात सोलापूर जिल्ह्याची एक वेगळी गोष्ट आहे. एप्रिल २०१०मध्ये देशातल्या मोजक्या तेरा शहरांत बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूर शहरही होतं. म्हणजे सोलापुरातल्या पंपावर दर दहा लाख भागांत ५० भागांपेक्षा जास्त गंधक नसलेलं डिझेल, तर त्याच जिल्ह्यातल्या करमाळ्यासाठी ३५० भागांपर्यंत मुभा असलेलं बीएस-३ डिझेल. हा फरक १ एप्रिल २०१७पासून मिटला, कारण बीएस-४ देशभर लागू झालं. तीनच वर्षांनी, १ एप्रिल २०२०पासून, बीएस-६ आलं आणि गंधकाची मर्यादा दहावर उतरली. गावोगावच्या गॅरेजना हा बदल पचवायला मिळालेला काळ फार थोडा होता. हाताने दुरुस्त होणाऱ्या गाड्या आणि स्कॅनरशिवाय न बोलणाऱ्या गाड्या एकाच वेळी एकाच दारात उभ्या राहिल्या.

कॉमन रेलमध्ये पंप फक्त दाब तयार करतो. पिकअपच्या वर्गातल्या इंजिनांत तो दीड हजार बारच्या पुढेही जातो. हा दाब एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, कायम साठलेला असतो आणि कधी, किती डिझेल सोडायचं ते संगणक ठरवतो. इंजेक्टरच्या डोक्यात विजेची कॉइल असते. तिला क्षणभर करंट मिळाला, की एक बारीक गोळी आपल्या बैठकीवरून उचलली जाते, सुईच्या माथ्यावरचा दाब उतरतो आणि खालून दाबाखाली असलेली सुई वर सरकते. टोकाच्या केसासारख्या बारीक भोकांतून फवारा उडतो. माथ्यावरून निसटलेलं थोडं डिझेल रिटर्नच्या नळीने परत टाकीकडे जातं.

आता हिशोब करून बघा. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर असेल, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला एक हजार वेळा, तासाला साठ हजार वेळा मुख्य फवारा मारतो. गाडी तासाला चार लिटर डिझेल खात असेल, तर प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला एक लिटर. म्हणजे एका फवाऱ्यात साधारण सतरा घन मिलिमीटर, पाण्याच्या एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्याच्याही आधी आवाज आणि धक्का कमी करण्यासाठी एक-दोन घन मिलिमीटरचा छोटा फवारा मारलेला असतो. हे प्रमाण सांभाळायचं, तर सुई आणि तिच्या घरामधली फट दोन ते चार मायक्रॉनच ठेवावी लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

इंजेक्टर टिकणार की नाही, याचं उत्तर या मायक्रॉनमध्ये आहे. पितळी ठसा, चकचकीत खोकं, हॉलोग्राम हे सगळं बाहेर राहतं. आतली फट, गोळीची बैठक आणि सुईची उचल डोळ्यांना दिसत नाही. ती मोजावीच लागते.

‘बाहेरचा माल’ म्हणजे नेमका कोणता?

गॅरेजच्या भाषेत शोरूमबाहेरचं सगळं ‘बाहेरचं’. प्रत्यक्षात त्यात निदान पाच वेगळ्या वस्तू असतात आणि त्यांना एकाच मापाने तोलणं चूक आहे.

पहिली वस्तू म्हणजे इंजेक्टर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या खोक्यात विकलेला नवा माल. गाडी बनवणारी कंपनी इंजेक्टर स्वतः बनवत नाही. बॉश, डेल्फी, डेन्सो यांच्यासारख्या पुरवठादारांकडून घेते. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत बॉशचा कारखाना आहे. ‘मायको’ या नावाने तो नाशिककरांच्या पिढ्यांना माहीत आहे, २००८मध्ये कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं. नोझल आणि इंजेक्टर ही तिथली जुनी ओळख. अधिकृत वितरकाकडून क्रमांक जुळवून घेतलेला असा इंजेक्टर गाडीच्या कंपनीच्या खोक्यातल्या मालाच्या बरोबरीचा असतो.

दुसरा प्रकार कारखान्यात पुनर्निर्मित केलेला. जुना इंजेक्टर पूर्ण खोलून, झिजणारे भाग बदलून, पुन्हा मोजून, नवा कोड देऊन विकला जातो. तिसरा स्थानिक डिझेल लॅबमध्ये दुरुस्त केलेला. त्यात नोझल आणि व्हॉल्व्ह सेट बदलतात. चौथा अनोळखी कंपनीचा नक्कल माल, कधी स्वतःच्या नावाने तर कधी मोठ्या कंपनीच्या बनावट खोक्यात. पाचवा भंगारात गेलेल्या गाडीचा काढलेला.

यांतला तिसरा प्रकार सगळ्यात जास्त वापरला जातो आणि त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. चांगल्या टेस्ट बेंचवर, स्वच्छ खोलीत, सुईची उचल मायक्रॉनमध्ये जुळवून केलेली दुरुस्ती वर्षानुवर्षं चालते. त्याच नावाखाली नुसतं डिझेलने धुऊन, टोक बदलून, बेंचला न लावता परत दिलेला इंजेक्टरही ‘रिपेअर’च म्हणवतो. दोघांच्या बिलावर शब्द सारखाच असतो.

मोठ्या नावांनाही झालेला त्रास

‘कंपनीचा बसवला म्हणजे चिंता मिटली’ या समजुतीला इतिहास साथ देत नाही. यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण पिकअपचंच आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने २००१ ते २००४ दरम्यान आपल्या मोठ्या पिकअपमध्ये ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स इंजिन दिलं. एलबी-७ या नावाच्या या इंजिनातले इंजेक्टर बॉशचे होते, नवे होते, कारखान्यातूनच बसून आलेले होते. तरीही ते मोठ्या संख्येने बिघडले. आतून गळती, वाढलेलं रिटर्न, धूर, सकाळी न पकडणारं इंजिन. भरीस भर म्हणजे इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या खाली असल्याने बदलायला बराच वेळ लागायचा. अखेर कंपनीने इंजेक्टरची हमी वाढवून सात वर्षं किंवा दोन लाख मैल, म्हणजे सुमारे सव्वातीन लाख किलोमीटर केली. पुढच्या इंजिनात इंजेक्टर कव्हरच्या बाहेर आणले.

२००५च्या सुरुवातीला युरोपातही असंच घडलं. बॉशच्या उच्च दाबाच्या पंपातल्या एका छोट्या बुशवरचा लेप सदोष निघाला आणि बीएमडब्ल्यूला काही दिवस उत्पादन थांबवावं लागलं. नंतर मर्सिडीजने नव्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात डेल्फीचे अत्याधुनिक पिझो इंजेक्टर वापरले. तेही बिघडू लागले, तेव्हा कंपनीला ते बदलून देऊन पुन्हा साध्या विद्युतचुंबकी इंजेक्टरकडे वळावं लागलं.

नावाला किंमत नसते, असा याचा अर्थ नाही. अमेरिकेतल्या मालकाला सात वर्षांची हमी मिळाली, कारण मालामागे जबाबदारी घेणारं कुणीतरी उभं होतं. बनावट खोक्यातल्या इंजेक्टरमागे तसं कुणी नसतं. चांगल्या कारखान्यातही मायक्रॉन चुकू शकतो. तो चुकलाय हे मोजून कळतं, आणि कळल्यावर भरपाई कोण करणार हे बिलावरून ठरतं. बाजारातला कोणताही इंजेक्टर या दोन गोष्टींवर पारखता येतो.

जुना का गेला, हे विचारलंच जात नाही

नवा इंजेक्टर वर्षभरात गेला, तर दोष त्याच्यावर टाकला जातो. बऱ्याचदा गुन्हेगार टाकीत असतो.

पाणी हा पहिला शत्रू. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने ओल धरते, पावसाळ्यात ड्रममध्ये साठवलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरतं. डिझेल इंजेक्टरच्या भागांना वंगणही पुरवत असतं, पाणी ते काम करत नाही. फिल्टरच्या तळाशी पाणी साठवणारा भाग असतो आणि ते सोडायला स्क्रू असतो. तो वेळच्या वेळी उघडला, तर हजारोंचा खर्च वाचतो. स्वस्तातला फिल्टर लावून महागडा इंजेक्टर जपता येत नाही, कारण चार-पाच मायक्रॉनचा कणही दोन मायक्रॉनच्या फटीला पुरेसा मोठा असतो.

दुसरा शत्रू भेसळ. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ आणि कमी वंगण देणारं असतं. डिझेलसाठीच्या भारतीय मानक १४६०मध्ये वंगणक्षमतेची वेगळी चाचणी आहे. ठरावीक पद्धतीने घासलेल्या पोलादी गोळीवर ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा घासा पडला, तर ते डिझेल नापास. गंधक काढताना डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही कमी होतात, म्हणून आताच्या डिझेलमध्ये त्यासाठी रसायन मिसळलेलं असतं. त्यात रॉकेल ओतलं, की सगळं गणित बिघडतं. या धंद्याची क्रूर बाजू महाराष्ट्राने पाहिली आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळच्या पानेवाडीत इंधनचोरी आणि भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. भेसळीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाने दिलेली ती किंमत आहे, आणि ‘दोन रुपये स्वस्त’ म्हणून पंपाबाहेरचं डिझेल भरताना ती आठवली पाहिजे.

तिसरं कारण मेस्त्र्याच्याही नजरेतून निसटतं. उच्च दाबाचा पंपच आतून झिजत असेल, तर लोखंडाची भुकटी रेलमध्ये येते. फिल्टर किंवा रेल खोलल्यावर चंदेरी चमक दिसली, तर नुसते इंजेक्टर बदलून उपयोग नाही. पंप, रेल, पाइप, टाकी सगळं साफ केल्याशिवाय बसवलेला नवा इंजेक्टर त्या भुकटीने थोड्याच दिवसांत जातो. मग नाव कोणत्याही कंपनीचं असो.

बाटल्या, बेंच आणि कोड

इंजेक्टर खोलण्याआधी करता येणारी एक स्वस्त आणि चोख चाचणी आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून त्या जागी पारदर्शक नळ्या जोडायच्या आणि चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या. इंजिन ठरावीक वेळ चालवायचं आणि बाटल्या शेजारी ठेवायच्या. समजा तीन बाटल्यांत वीस-वीस मिलिलिटर आहे आणि चौथीत साठ. म्हणजे चौथ्या इंजेक्टरची गोळी बैठकीवर नीट बसत नाहीये, दाब तिथून पळतोय. सेल्फ जास्त का मारावा लागतो, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं आणि चार इंजेक्टर बदलायचे की एक, हेही ठरतं.

मात्र रेलचा जाड पाइप चालू इंजिनवर कधीही सैल करायचा नाही. जुन्या इंजिनवरची ती सवय इथे हात गमवायला लावू शकते. हजार बारच्या पुढची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत मांस सडायला लागतं. अशी जखम झाल्यास दुखणं नसलं तरी ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

दुरुस्त झालेला इंजेक्टर परत घेताना बेंचचा अहवाल मागायचा. त्यावर पूर्ण लोड, मधला लोड, आयडल, सुरुवातीचा छोटा फवारा आणि रिटर्न अशा वेगवेगळ्या अवस्थांतले आकडे असतात आणि शेजारी कंपनीने ठरवलेली मर्यादा. फक्त पूर्ण लोडचा आकडा बरोबर असून चालत नाही. गाडी आयडलला थरथरते ती छोट्या फवाऱ्यात खोट असते म्हणून, आणि तीच रांग अनेकदा अहवालात रिकामी असते.

मग कोड. एकाच यंत्रावर एकामागून एक निघालेले दोन इंजेक्टरही तंतोतंत सारखे नसतात. म्हणून कारखान्यात प्रत्येक इंजेक्टर मोजून त्याचा फरक सांगणारा अक्षर-आकड्यांचा कोड त्याच्या अंगावर कोरतात. हा कोड स्कॅनरने गाडीच्या संगणकात भरला, तरच संगणकाला त्या इंजेक्टरला किती वेळ उघडायचं ते अचूक कळतं. कोड न भरताही गाडी चालू होते, म्हणून अनेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते. मग गाडी आवाज करते, धूर सोडते आणि माल वाईट ठरतो. चार नव्या इंजेक्टरवर एकच कोड छापलेला असेल, तर माल नकली असल्याची ती मोठी खूण आहे. भागाचा क्रमांकही पूर्ण जुळवायचा. बॉशच्या या वर्गातल्या इंजेक्टरचा क्रमांक ०४४५११०ने सुरू होतो, पण खरा फरक शेवटच्या तीन आकड्यांत असतो. ‘दिसायला सेम आहे’ म्हणून दुसऱ्या इंजिनाचा बसवला, तर भोकांची संख्या आणि फवाऱ्याचा कोन वेगळा निघू शकतो.

बसवणं हे शेवटचं काम, आणि तिथेही माल मरतो. इंजेक्टरखालचं तांब्याचं वायसर दर वेळी नवंच हवं. जुनं वापरलं, की जळालेला वायू बाजूने वर येतो आणि काळा डांबरासारखा थर इंजेक्टरला हेडमध्ये चिकटवून टाकतो. बैठक घासून साफ करायची, क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचा, पाइपची तोंडं शेवटच्या क्षणापर्यंत झाकलेली ठेवायची. नवा फिल्टर उघड्या कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायचा नाही. हातपंपाने डिझेल फिल्टरमधूनच ओढायचं.

बसवल्यावर पहिले काही दिवस ऑइलची दांडी रोज बघावी. इंजिन ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढतेय आणि दांडीला डिझेलचा वास येतोय, तर एखादी सुई नीट बंद होत नाहीये. डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली जातंय. अशी गाडी तशीच चालवली, तर पिस्टनला भोक पडेपर्यंत मजल जाते आणि बीएस-६ गाडीत काजळीचा फिल्टरही तुंबतो.

या सगळ्याला कागदाचा आधार लागतो. पक्क्या बिलावर भागाचा पूर्ण क्रमांक, इंजेक्टरवरचा कोड आणि नवा, पुनर्निर्मित की दुरुस्त, हे लिहून घ्यायला हवं. २० जुलै २०२०पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये सदोष आणि बनावट मालाबद्दल विक्रेत्याला व उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. पिकअप धंद्याची गाडी असल्याने आपण ‘ग्राहक’ ठरत नाही, असं अनेक मालकांना वाटतं. पण स्वतःच्या रोजगारातून केवळ उदरनिर्वाहासाठी वस्तू वापरणारा माणूस ग्राहकच आहे, असं कायद्याने स्पष्ट केलं आहे. माल नाशिकहून आला असो की पुण्याहून, करमाळ्याच्या मालकाला तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेव्हा बिल, बेंचचा अहवाल आणि काढलेला जुना इंजेक्टर ही तिन्ही जपून ठेवायची. गॅरेजमधून परत येताना जुना माल मागून आणणं, एवढी एक सवय लागली तरी पुढच्या वेळी नेमकं काय बिघडलं होतं हे दाखवायला पुरावा हाताशी राहतो.